फोटो खराच आहे हो!

अहो वहिनी, ऐकलंत का... थांबा, आधी मला सांगा, कान दुखायला लागला की तुम्ही काय करता? लसणीची पाकळी घालून कोमट तेलाचे दोन थेंब, बरोबर? आणि राजकारणात कान दुखला की काय होतं माहितीये? दुसऱ्या दिवशी पेपरातली जाहिरात बदलून येते! हसताय काय, २०२३ च्या जूनमधलं सांगतेय. तेरा तारखेला सकाळी पेपर उघडला तर पानभर 'राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे'. सोबत सर्व्हेचे आकडे. मुख्यमंत्री म्हणून शिंदे हवेत म्हणणारे २६.१ टक्के आणि फडणवीस हवेत म्हणणारे २३.२. म्हणजे बघा, दशांशचिन्हासकट! फोटो मोदींचा होता, शिंद्यांचा होता, आणि फडणवीसांचा शोधून सापडेना. बाळासाहेबांचाही नव्हता, आमच्या ह्यांना तर तेच जास्त लागलं. चहा तसाच गार झाला त्यांचा.

त्याच दिवशी शिंदे-फडणवीस दोघं कोल्हापूरला एका व्यासपीठावर दिसायचे होते. तर नेमका फडणवीसांचा कान दुखायला लागला. डॉक्टरांनी म्हणे विमानात बसू नका सांगितलं. दुखतही असेल हो खरंच, मी कुठे कानात बॅटरी मारून बघायला गेले होते? पण दुसऱ्या दिवशी पेपरात नवी जाहिरात. आता दोघं शेजारी शेजारी, मोदी-शहा आहेत, बाळासाहेब आहेत, आनंद दिघे आहेत, कुणी म्हणून राहिलं नाही. आणि आदल्या दिवशीची कुणी दिली होती म्हणाल, तर शिंद्यांच्याच एका मंत्र्यानं सांगितलं, कुणा हितचिंतकानं दिली. काय पण हितचिंतक! आपला भाजीवाला चार काड्या कोथिंबीर फुकट घालताना दहादा विचार करतो, आणि इथे पानपानभर...

तर काय सांगत होते. फोटो नसला तर एवढं रामायण, मग असला की काय होत असेल! नाही, खोडाखोड केलेला फोटो नाही म्हणत मी. त्याला काय, हल्ली शेंबडं पोर मोबाईलवर करतं. मी म्हणतेय ते वेगळं. फोटो अगदी खरा, कुणीतरी उन्हातान्हात उभं राहून काढलेला. फक्त त्याच्या खाली जी ओळ लिहिलीय ना, तिथे सगळी मेख.

तो पूल नाही का, योगींचा? असं काय करता, सप्टेंबर २०२१, रविवार होता. इंडियन एक्स्प्रेसमध्ये पानभर जाहिरात. वर योगी आदित्यनाथ, त्यांच्या काळात उत्तर प्रदेश कसा बदलला त्याचं कौतुक, आणि खाली चकचकीत उड्डाणपूल, मागे उंच इमारती. आता उड्डाणपूल काय, सगळीकडे सारखेच दिसतात. पण पुलावर धावतंय काय? पिवळी टॅक्सी! अहो, लखनौला कुठली आलीय पिवळी टॅक्सी? कोलकात्यातला 'मा' उड्डाणपूल तो, ममतादीदींच्या अंगणातला! मुलगी बघायला आलेल्यांना शेजारणीच्या मुलीचा फोटो दाखवावा, तोही शेजारीण समोर बसलेली असताना, तसलं झालं हो. आणि तृणमूलवाले गप्प बसतात होय? दिवस उजाडल्यापासून नुसता दंगा. दीदींचे भाचे अभिषेक बॅनर्जी सगळ्यांत पुढे. चार महिन्यांपूर्वी बंगालची निवडणूक दणक्यात जिंकलेली, आणि वर हे आयतं पान हातात! शेवटी पेपरवाल्यांनीच सांगितलं, आमच्या मार्केटिंग विभागाच्या हातून अनवधानानं लागला फोटो. झालं, लखनौवाले सुटले. पण मला सांगा, एवढी मोठी सरकारी जाहिरात, ती छापायच्या आधी त्या सरकारातल्या एका तरी माणसानं बघितली असेल ना? त्याला आपल्या गावातला पूल ओळखू येत नाही? की आपल्याकडे असा पूल नाही हे माहीत असूनसुद्धा...

जाऊ दे. अडीच महिन्यांत पुन्हा तेच. जेवरच्या विमानतळाची पायाभरणी झाली, २५ नोव्हेंबरला. मोदी स्वतः आलेले. सरकारी हँडलवरून, मंत्र्यांच्या हँडलवरून भराभर चित्रं निघाली, असं असणार आपलं विमानतळ! ताऱ्यासारखं पसरलेलं, सोनेरी. आणि आक्षेप कुणी घेतला? चीनच्या सरकारी माध्यमातल्या एका पत्रकारानं! म्हणाला, अहो हे आमचं बीजिंगचं दाशिंग विमानतळ. चिन्यांनी आपल्याला खोटं पाडायचं म्हणजे... गलवान होऊन दीड वर्ष झालेलं नव्हतं हो तेव्हा.

नाक मुरडू नका, येतेच मी दुसऱ्या बाजूकडे. मी काय कुणाची मिंधी नाही. दहा सालचं आठवतंय? जानेवारी २०१०, राष्ट्रीय बालिका दिन. मनमोहन सिंगांचं सरकार, महिला व बालविकास खात्याची पानभर जाहिरात. मजकूर इतका चांगला होता ना, मी कात्रण काढून ठेवायला निघाले होते. तुमच्या आईला जन्मच घेऊ दिला नसता तर आज तुम्ही कुठे असता, अशा अर्थाचं काहीतरी. आणि ओळीनं थोर पुरुष, कपिल देव, सेहवाग, सरोदवाले अमजद अली खान. आणि त्यांच्यात एक गणवेशातले गृहस्थ. छातीवर बिल्ले, भारदस्त एकदम. मला वाटलं, आपलेच कुणी एअर मार्शल असतील. अहो कसले आपले! पाकिस्तानच्या हवाई दलाचे माजी प्रमुख, तन्वीर महमूद अहमद!

त्यांनाही आई होतीच म्हणा. त्या अर्थी जाहिरातीत चूक काहीच नव्हती!

पण दिल्लीत काय तोंडं पडली असतील, विचार करा. वर सोनियाजींचा फोटो, पंतप्रधानांचा फोटो, मंत्रीणबाईंचा फोटो, आणि खाली पाकिस्तानचा एअर चीफ मार्शल. सव्वीस जानेवारी दोन दिवसांवर! मंत्रीणबाई होत्या कृष्णा तीरथ. त्या आधी काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, संदेश महत्त्वाचा, फोटो काय, प्रतीकात्मक असतो. मग पंतप्रधान कार्यालयानं दिलगिरी व्यक्त केली, चौकशी लावली, तेव्हा बाईंनाही माफी मागावी लागली. पण ते पहिलं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलंय, संदेश महत्त्वाचा. कारण पुढे बघा ना, शशी थरूर. एवढे शिकलेले, एकेक इंग्रजी शब्द असा की डिक्शनरीला घाम फुटावा. २०१९ ला मोदींचा ह्यूस्टनचा तो 'हाउडी मोदी' झाला, माझ्या मावसभावाची मुलगीसुद्धा गेली होती साडी नेसून. दुसऱ्या दिवशी थरूरांनी फोटो टाकला, नेहरू आणि इंदिराबाई गाडीत उभे, भोवती माणसांचा समुद्र. ओळ काय, तर १९५४ साली अमेरिकेत नेहरूंसाठी जमलेली गर्दी, आणि तीही कसली पीआर मोहीम न करता. शिवाय 'इंदिरा'चं 'इंडिया' झालेलं. अहो, ती गर्दी अमेरिकेतली नव्हतीच! रशियातली होती, त्या वेळच्या सोव्हिएत युनियनमधली! शीतयुद्ध चाललेलं नि ह्यांनी रशियावाल्यांना उचलून अमेरिकेत नेऊन बसवलं. कुणीतरी दाखवून दिलं तर थरूर काय म्हणाले? हो, बहुतेक रशियातला असेल, पण त्यानं माझ्या संदेशात फरक पडत नाही.

बघितलंत? पक्ष कुठलाही असो, पकडलं गेलं की तोंडात तेच. मला एवढंच विचारायचंय, संदेश एवढा मोठा होता तर फोटो कशाला लावलात? नुसतं लिहायचं, नेहरू परदेशातही लोकप्रिय होते. खरंच होतं ते! पण नुसतं लिहिलं तर माणसं म्हणतात, कशावरून? म्हणून फोटो लावायचा. आणि फोटो खोटा निघाला की म्हणायचं, फोटोचं काय घेऊन बसलात.

आता हे ऐका, ह्याच्यात मला सगळ्यात मजा आली. ते गृह मंत्रालयाचं. २०१६-१७ चा वार्षिक अहवाल, त्यात सीमेवर फ्लडलाइट लावल्याचं वर्णन आणि रात्रीचा सुंदर फोटो, दिव्यांची रांग लांबच लांब गेलेली. त्या अहमदाबादच्या अल्ट न्यूजवाल्यांना शंका आली. तेव्हा त्यांना सुरू होऊन जेमतेम चार महिने झालेले. त्यांनी तो फोटो गूगलला दाखवला, आणि निघालं काय? स्पेन आणि मोरोक्कोची सीमा! स्पॅनिश फोटोग्राफरनं २००६ साली काढलेला. गृहसचिवांनी खुलासा मागवला, नेहमीचं सगळं झालं. पण वहिनी, खरी गंमत पुढे आहे. आपल्या भारत-पाक सीमेवर दिवे आहेत हो! खरोखरचे आहेत! इतके की वरून अंतराळातून दिसतात. नासानं २०११ मध्ये अंतराळ स्थानकातून काढलेला फोटो आहे, काळोखात नारिंगी रेघ, नागमोडी. माझ्या नातवानं दाखवला, अंगावर काटा आला. म्हणजे घरात खरा दागिना असताना शेजाऱ्याचा मागून आणून घातला, कशासाठी? तर कुणीतरी कारकून बसल्या जागी नेटवर 'बॉर्डर लाइट्स' टाकून पहिला दिसला तो चिकटवून मोकळा झाला असणार. ही लबाडीसुद्धा नाही, आळस आहे नुसता. लबाडी करायलाही थोडे कष्ट पडतात.

आणि तीच स्पेन-मोरोक्कोची सीमा हो, तीच! अमेरिकेतही! ट्रम्पची पहिली टीव्हीवरची जाहिरात, जानेवारी २०१६. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधणार म्हणून आवाज, आणि चित्रात माणसंच माणसं, मुंग्यांसारखी धावताहेत. ती माणसं कुठली? मेलिला. आफ्रिकेच्या टोकाला स्पेनचं एक गाव आहे, मोरोक्कोला चिकटून, तिथली. म्हणजे आपल्या दिल्लीवाल्यांनाही मोरोक्को लागतं आणि न्यूयॉर्कवाल्यांनाही मोरोक्कोच! त्या बिचाऱ्या मोरोक्कोनं कुणाकुणाच्या सीमा सांभाळायच्या? ट्रम्पचा जो प्रचारप्रमुख होता ना, लेवँडॉव्स्की, तो मात्र वस्ताद. पत्रकारांनी विचारलं तर लाजला नाही की काही नाही. एक शिवी हासडली आणि म्हणाला, मेक्सिकोची सीमा नाहीये हे आम्हाला ठाऊक आहे, पण भिंत नाही बांधली तर आपला देश असाच दिसणार आहे. आता ह्याला काय म्हणावं? निर्लज्ज म्हणावं तर त्या सगळ्यांत खरं बोललेला हा एकटाच. अनवधान नाही, मार्केटिंग विभाग नाही, हितचिंतक नाही.

लंडनवाल्यांचं तर याहून वरचढ. माझी भाची लेस्टरला असते ना, ती सांगत होती. ब्रेक्झिटच्या मतदानाला आठवडा राहिलेला, जून २०१६, आणि त्या नायजेल फराजनं मोठं पोस्टर लावलं, 'ब्रेकिंग पॉइंट'. फोटोत माणसांची न संपणारी रांग, वळणावळणानं येतेय. फोटो खरा, गेटी एजन्सीच्या फोटोग्राफरचा, २०१५ च्या ऑक्टोबरमधला. रांग होती क्रोएशियातून स्लोव्हेनियात शिरणाऱ्या निर्वासितांची. ब्रिटन तिथून कुठल्या कुठे! पण पोस्टरवर 'हे ब्रिटनमध्ये घुसताहेत' असं एक अक्षर नाही. नुसतं युरोपनं आपल्याला वाऱ्यावर सोडलं, सीमा परत ताब्यात घ्या. बाकीचं बघणाऱ्यानं स्वतःच वाचायचं. आणि त्या फोटोत पुढेच एक गोरा चेहरा होता म्हणे, नेमक्या त्याच्यावर मजकुराची चौकट आलेली! आता ह्याला खोटं कसं म्हणणार? कोर्टात उभं राहिलं तर एक शब्द खोटा सापडायचा नाही. मला विचाराल तर पिवळ्या टॅक्सीवाला पूल परवडला. तिथे निदान चोर पावलांचे ठसे ठेवून गेला.

पण वहिनी, हसू येतं ते इथपर्यंतच. संयुक्त राष्ट्रांतलं आठवतंय का, सप्टेंबर २०१७? पाकिस्तानच्या मलीहा लोधी. सभेत सगळे देश बसलेत, आणि बाईंनी एक फोटो उंच धरला. मुलीचं तोंड, चेहराभर जखमा, बघवत नाही असा. म्हणाल्या, हा भारताच्या लोकशाहीचा चेहरा. काश्मीरमधल्या पेलेट बंदुकीचा बळी म्हणून. तासाभरात लोकांनी शोधून काढलं, ती पोर गाझाची. हायडी लेव्हिन नावाच्या फोटोग्राफरबाईंनी २०१४ साली काढलेला फोटो. आपल्याकडे काय आनंद झाला! आमच्या भिशीत तर पेढेच वाटायचे राहिले होते. मीही टाळ्या वाजवल्या, का नाही वाजवायच्या? पण रात्री आमचे हे म्हणाले, अगं, काश्मीरमध्ये २०१६ च्या उन्हाळ्यात पेलेटनं डोळे गेलेली पोरं खरोखर होती. शेकड्यांनी डोळ्यांना जखमा झाल्या, श्रीनगरच्या इस्पितळात वॉर्ड भरले होते, आपल्याच पेपरांत आलं होतं. त्या पोरांचं कुणी ऐकणार असेल तर ते त्या दिवशी संपलं. आता कुणी खरा फोटो दाखवला तरी जग म्हणणार, हाही गाझाचाच असेल. लोधीबाईंनी भारताचं काही वाकडं केलं नाही. वाट लावली ती ज्यांचा कैवार घेतला त्यांचीच, आणि शिवाय गाझाच्या त्या पोरीचीही. तिचं दुखणं तिच्या नावावरसुद्धा राहू दिलं नाही.

मी काही बोलले नाही. ते कधी नव्हे ते बरोबर बोलले होते, म्हणून जास्तच.

अमेरिकेतही झालं तसंच, टाइम मासिकाचं. २०१८, ती लाल कपड्यातली रडणारी दोन वर्षांची पोर, समोर ट्रम्प उभा, खाली 'वेलकम टू अमेरिका'. सगळ्यांना वाटलं, आईपासून तोडलेली पोर. हजारो पोरं तोडली होती हो त्या धोरणानं, ते खरंच. पण ही नव्हती तोडलेली, ही आईजवळच होती! मग काय, ट्रम्पची माणसं उड्या मारायला लागली, सगळंच खोटं, सगळंच खोटं.

बरं, ही झाली मोठ्यांची भांडणं. मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? २०२१ ची बंगालची निवडणूक, फेब्रुवारीत पेपरात जाहिराती आल्या, आत्मनिर्भर भारत, आत्मनिर्भर बंगाल. एका बाजूला पंतप्रधान हसताहेत, दुसऱ्या बाजूला एक बाई हसतेय. पंतप्रधान आवास योजनेत मला घर मिळालं, अशा अर्थाचा मजकूर तिच्या तोंडी, आणि बंगालमधल्या २४ लाख कुटुंबांचा आकडा. पत्रकार त्या बाईला शोधत गेले. तर बाई कोलकात्यात भाड्याच्या एका खोलीत, अख्खं कुटुंब तिथेच. घर मिळालेलं नाही, फोटो कधी काढला ते ठाऊक नाही. म्हणजे शोधायला कुठला मोरोक्को लागला नाही! बाई आपली, शहर आपलं, हसू आपलं, फक्त घर तेवढं...

त्या बाईला शेजारीपाजारी काय काय बोलले असतील हो? घर मिळालं नि सांगितलं नाहीस, असं कुणीतरी नक्की म्हणालं असेल. आपल्या आळीत झालं असतं तर मीच म्हणाले असते!

आणि आपल्या इथलं, पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं? २०२४ चा जुलै. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना जाहीर झाली, साठीच्या वरच्यांना सरकारी खर्चानं देवदर्शन, माणशी तीस हजारांपर्यंत. छान योजना. जाहिरातीत एका आजोबांचा फोटो, गावाकडचा चेहरा, भाविक वाटावा असा. ती जाहिरात एका घरात मोबाईलवर दिसली आणि घरातली माणसं जागच्या जागी बसली. त्यांचे वडील होते ते. तीन वर्षांपासून बेपत्ता! कुठे कुठे नाही शोधलं, आणि सापडले तर मुख्यमंत्र्यांशेजारी. पोरं म्हणाली, सरकारला फोटो मिळाला तर माणूसही माहीत असेल, आम्हाला शोधून द्या. ऐकताना माझ्या पोटात कसंतरी झालं. देवदर्शनाला नेणार म्हणून ज्यांचा चेहरा लावला, ते जिवंत आहेत की नाहीत, कुठे आहेत, जाहिरात करणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. म्हातारा माणूस, टोपी, सुरकुत्या... लावा!

ह्यावर कायदा नाही का, असं तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. मीही विचारलं ह्यांना. उगाच नाही वकिलांकडे तीस वर्षं कारकुनी केली. ते म्हणाले, सरकारी जाहिरातीत चेहरे कुणाचे असावेत यावर सुप्रीम कोर्टानं दोनदा निकाल दिलाय. २०१५ ला सांगितलं, फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश. झालं, राज्याराज्यांतले मुख्यमंत्री कासावीस! फेरविचाराला गेले, आणि २०१६ च्या मार्चमध्ये कोर्टानं मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री ह्यांनाही मुभा दिली. सगळं भांडण कशावरून, तर साहेबांचा चेहरा दिसला पाहिजे. त्या भाड्याच्या खोलीतल्या बाईच्या चेहऱ्यासाठी कुणी एवढं भांडलं का?

आणि निवडणुकीचा कायदा? तो तर ऐकून मी तोंडाला पदर लावला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चा, कलम १२३, पोटकलम ४. विरोधी उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापलंत तर भ्रष्ट आचरण, निवडणूकसुद्धा रद्द होऊ शकते. म्हणजे शेजाऱ्याबद्दल खोटं बोलायचं नाही. पण स्वतःबद्दल? मी हा पूल बांधला, मी हे घर दिलं, मी अमुक केलं, ते त्या पोटकलमात बसत नाही. टूथपेस्टवाल्यानं खोटं सांगितलं तर जाहिरातवाल्यांची ती एएससीआय का काय ती संस्था त्याला जाब विचारते. राजकीय जाहिराती तिच्या कक्षेतच येत नाहीत म्हणे. टूथपेस्टला नियम आहे, मुख्यमंत्र्याला नाही!

आता इकडे या जरा जवळ. अजून जवळ, गॅलरीतल्या कान लावून बसल्यात. आपल्या वॉर्डातले ते 'भावी नगरसेवक', कार्यसम्राट, युवा हृदयाचे अमुकतमुक, नाव मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. त्यांचा कार्यअहवाल आलाय घरोघर, गुळगुळीत कागद, बारा पानं. तुमच्याकडे टाकला नाही अजून? टाकतील. पान तीन बघा, 'नव्यानं साकारलेले उद्यान'. कारंजं आहे, हिरवळ आहे, मुलं घसरगुंडीवर आहेत. आपल्या उद्यानात कारंजं कधी होतं हो? एक नळ होता, तोही गळका. माझ्या सुनेनं मोबाईलवर फोटो मोठा करून बघितला, तर मागे पाटी, कानडीत! पान पाचवर 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'चा रस्ता आपलाच, पावसाळ्यातला, तो मोठा खड्डा कापडाच्या दुकानासमोरचा, ओळखला मी. 'नंतर'ही आपलाच रस्ता आहे, खोटं कशाला बोलू. फक्त खड्डा सोडून पलीकडच्या टोकाला उभं राहून काढलाय!

पण पान सात... कसं सांगू तुम्हाला. रागावणार नाही ना? 'मोफत नेत्रतपासणी शिबिर, समाधानी ज्येष्ठ नागरिक.' प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग, आणि तिसऱ्या खुर्चीवर कोण म्हणाल? भाऊजी! अहो तुमचे हेच! तो मरून स्वेटर, कोपराला तुम्ही रफू केलेला, हातात ती पिवळी फाईल, आणि मांडीवर पाण्याची बाटली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते ना, आणि सर्व्हर डाउन म्हणून दोन तास बसवून ठेवलं होतं? त्या दिवशी ह्याची पोरं तिथे पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत होती, मोबाईल घेऊन. तेव्हाचा तो. आणि चेहरा बघा भाऊजींचा, समाधानी कसले, आता ह्या मॅनेजरला फाडून खाऊ की सर्व्हरला, असे बसलेत!

आमचे हे म्हणतात, तक्रार करा. पण परवा मी भाऊजींना नुसतं सहज विचारलं, काय हो, डोळे कसे आहेत? तर म्हणाले, उत्तम. आणि मग हळूच मला विचारतात, त्या अहवालाची एक जादा प्रत आहे का तुमच्याकडे, साताऱ्याला ताईला पाठवायचीय. फोटो चांगला आलाय म्हणाले!